विसरणाऱ्या आजी-आजोबांची पहिली तपासणी: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा येतात. होळकर संघानं रणजी करंडक चार वेळा कधी कधी जिंकला ते त्यांना विचारा. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंतचे चारही मोसम सांगतील, वर सी. के. नायडूंचे वडिलांकडून ऐकलेले किस्से. घरचे कौतुकानं म्हणतात, "अण्णांची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे हो!" याच अण्णांना सकाळी पोहे खाल्ले की नाही हे अर्ध्या तासानं सांगता येत नव्हतं, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात ते औषधांच्या रिकाम्या पट्ट्या टाकायला लागले होते. हे सूनबाईंनी सांगितलं ते अगदी शेवटी, चप्पल घालता घालता.

त्या कचऱ्याच्या डब्याकडे मी आता नीट लक्ष देते. ओला-सुका वेगळा करायची सवय इंदूरला लागली ती गेल्या आठ-दहा वर्षांत. आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलं २०१७ साली. म्हणजे आज ऐंशीच्या असलेल्या माणसानं ही गोष्ट सत्तरीत शिकलेली असते. अल्झायमरसारख्या आजारात उशिरा शिकलेलं आणि नुकतं घडलेलं आधी निसटतं. रामरक्षा, मनाचे श्लोक, क्रिकेटचे जुने मोसम बरेच दिवस टिकून राहतात. जुनं घडाघडा म्हणता येतं म्हणून 'ठीक आहे' असा शिक्का मारणं ही नवख्याची पहिली चूक, आणि अनुभवी लोकही ती करतात.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी, नवे डॉक्टर आणि ज्येष्ठ नागरिक मंडळांत मदत करणारे स्वयंसेवक यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: माणसाची तुलना शेजारच्या आजोबांशी करू नका, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी करा.

१. कोणाला बसवायचं

मंडळाच्या सभागृहात रांग लावून साठीवरच्या सगळ्यांची तपासणी करायचा उत्साह आवरा. काहीच तक्रार नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी करून फायदा होतो असं ठामपणे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटानं २०२० मध्ये सांगितलं आहे. रांगेत उगाच घाबरवलेली माणसं पुढे महिनाभर झोपत नाहीत, हे मी पाहिलंय.

जिथे तक्रार आहे, तिथे मात्र टाळाटाळ नको. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेणं आपल्या घरांत फार चालतं. भारतात साठीवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे साधारण ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजेच साठीवरच्या बहुतेकांना तो नसतो. तेव्हा तो 'वयाचा भाग' नाही.

खजराण्याला जायची बस चुकली, भाचीच्या सासरचं आडनाव आठवलं नाही, चष्मा सापडला नाही, तर सोडून द्या. पण तीस वर्षं राहिलेल्या गल्लीत घर सापडलं नाही, पेन्शनचा हिशेब जमेनासा झाला, एकच प्रश्न तासात पाचदा आला, गॅस चालू राहिला, नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं हे ठाऊक असून रोज पहाटे उठून नळ उघडून बसायला लागले, तर तपासा. हौशी माणूस अचानक गप्प झाला, नाटक-भजन सुटलं, चारचौघांत न शोभेल असं बोलायला लागला, तरीही तपासा. काही प्रकारांत स्मरणशक्तीच्या आधी स्वभावच बदलतो.

२. बसवण्याआधी

चष्मा आणलाय का? कानाचं यंत्र आहे का, आणि त्यात सेल आहे का? हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकदा एका आजींच्या दोन्ही कानांतला मळ काढल्यावर त्यांचा निम्मा 'विसरभोळेपणा' गेला; त्यांना प्रश्नच ऐकू येत नव्हता. कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काही करता येतं अशा गोष्टींपैकी एक आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं अशा १४ गोष्टी सांगितल्या. म्हणून कानाची तपासणी इथेच उरकून घेतलेली बरी.

वेळ सकाळची, चहा-नाश्ता झाल्यानंतरची. रात्रभर जागलेल्या, उपाशी किंवा साखर उतरलेल्या माणसाला तपासू नका. खोलीत भिंतीवरचं घड्याळ आणि दिनदर्शिका झाकून ठेवा. हे मी पहिल्या वर्षी विसरले होते. एक आजोबा माझ्या डोक्यामागच्या घड्याळाकडे बघून सुरेख चित्र काढत होते, आणि मी मनातल्या मनात खूश होत होते.

आणि 'परीक्षा' हा शब्द काढायचा नाही. मी म्हणते, "काकू, रक्तदाब तपासतो ना, तशीच लक्षाची तपासणी करूया. काही सोपं वाटेल, काही अवघड. सगळ्यांनाच तसं वाटतं." निवृत्त शिक्षिका असतील तर आणखी सांभाळून. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिलेले असतात, त्यांना कमी पडणं सोसत नाही.

३. दोन दिवसांत बिघडलं की दोन वर्षांत?

हा प्रश्न सगळ्या चाचण्यांच्या आधी. परवापर्यंत ठीक असलेला माणूस आज बरळतोय, घटकेत शुद्धीवर, घटकेत गुंगीत, तर तो स्मृतिभ्रंश समजू नका. हा तीव्र संभ्रम असतो आणि त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, नवं औषध, कधी अडलेली लघवी असं काही असतं. त्याला स्मरणाच्या चाचणीला बसवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्या.

शंका असेल तर महिने उलटे म्हणायला सांगा, डिसेंबरपासून मागे. लक्ष टिकत नसेल तर चार-पाच महिन्यांतच गाडी घसरते. ज्यांना इंग्रजी महिने रुळलेले नाहीत त्यांना वार उलटे म्हणू द्या. महिन्याभरात डोक्यावर पडणं झालं होतं का, हेही इथेच विचारा. म्हाताऱ्या मेंदूभोवती रक्त हळूहळू साचत जातं आणि आठवड्यांनी लक्षणं दिसतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच सावध राहा.

४. घरच्यांचं ऐकणं

माझ्या मते निम्मी तपासणी इथेच होते, आणि नवे लोक नेमकी हीच घाईत उरकतात. सोबत आलेल्या माणसाशी वेगळं बोला. आजींच्या समोर सून खरं बोलणार नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याचे पडसाद उमटतील. मुलगा बहुधा म्हणतो, "तसं काही नाही, आई थोडी विसरते." सून म्हणते, "सहा महिन्यांत तिसऱ्यांदा दूध उतू जाऊन गॅस विझला." पुण्याहून दिवाळीला आलेल्या मुलीला जे एका नजरेत दिसतं ते रोज सोबत राहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर मुलीलाही फोन लावा.

नातेवाइकांसाठी 'एडी-८' ही आठ प्रश्नांची छोटी यादी आहे. ती मला आवडते, कारण ती नेमकं बदलाबद्दल विचारते: निर्णय चुकायला लागलेत का, आवडीच्या गोष्टींत रस कमी झालाय का, तेच तेच बोलणं होतंय का, नवं यंत्र शिकायला जड जातंय का, महिना-वर्ष विसरतात का, पैशांचे व्यवहार, ठरलेल्या भेटी, आणि रोजच्या विचारांत-आठवणीत अडचण येते का. दोन किंवा अधिक उत्तरं 'हो, बदल झालाय' अशी आली की पुढे जायचं. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जाणं थांबलं असेल तर ते इथे मोजू नका. बदल विचारशक्तीमुळे झालेला हवा.

प्रश्न माणूस बघून विचारा. आयुष्यात कधी चहा न टाकलेल्या आजोबांना 'स्वयंपाक जमतो का' विचारून काय कळणार? त्यांना बँक, स्कूटर, मोबाइल, वीजबिल विचारा. पैसे कधीच हातात न घेतलेल्या आजींना पुरणाचं प्रमाण, सोवळ्या-ओवळ्याचा क्रम, कोणाच्या डोहाळजेवणाला काय दिलं हे विचारा. चाळीस वर्षं गौरी बसवणारी बाई यंदा नैवेद्याची भाजी दोनदा करते आणि आरतीआधी पान वाढायला घेते, तेव्हा ते लिहून ठेवण्यासारखं असतं.

५. प्रत्यक्ष चाचणी

सुरुवातीला 'मिनी-कॉग' शिका. साधारण तीन मिनिटांत होते. तीन शब्द सांगायचे, उदाहरणार्थ केळं, सूर्योदय, खुर्ची. ते लगेच परत म्हणवून घ्यायचे. नाही जमले तर तीन वेळांपर्यंत पुन्हा सांगायचे, मग पुढे जायचं. नंतर कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगायचं: आधी आकडे, मग काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. तीन मिनिटांत झालं नाही तर थांबवा. मग विचारा, "मघाशी तीन शब्द सांगितले होते, कोणते?"

आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण. घड्याळाला दोन किंवा शून्य, मधलं काही नाही. सगळे आकडे क्रमानं आणि साधारण आपापल्या जागी, एक काटा अकराकडे, दुसरा दोनकडे, की दोन गुण. काट्यांची लांबी मोजायची नाही. एकूण पाच. तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी हवी. तीन आले आणि घरच्यांची हकिगत बोलकी असेल, तरीही पुढे पाठवा.

अकरा वाजून दहाच का? 'दहा' ऐकल्यावर हात आपसूक दहाच्या आकड्याकडे जातो. ती ओढ थांबवून दोनकडे वळायला मेंदूचा पुढचा भाग लागतो. चित्र चुकलं तरी कागद फेकू नका, तारीख घालून फाइलला लावा. वर्षभरानंतर शेजारी दुसरं चित्र ठेवलं की न्यूरॉलॉजिस्टला पानभर टिपणापेक्षा जास्त कळतं.

तुम्हाला मदत करायचा मोह होईल. 'फळ होतं ना, पिवळं?' असं म्हणू नका. नातवंडांनाही बाहेर बसवा, ती हमखास ओठ हलवतात.

मोठ्या चाचण्यांपैकी १९७५ ची 'एमएमएसई' जुनी आणि ३० गुणांची. ती स्वामित्वहक्काखाली येते, कुठूनतरी झेरॉक्स काढून वापरू नका. २००५ ची 'मोका' सौम्य बदल लवकर पकडते आणि मराठीतही आहे, पण ती घेण्यासाठी रीतसर प्रशिक्षण लागतं. तिच्यातही ३० पैकी गुण, आणि २६ ही नेहमीची रेषा; त्याखाली आले तर पुढची तपासणी. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. आपल्याकडे चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना तो एक गुण पुरत नाही, हे स्वच्छ सांगते. शाळेची पायरीच न चढलेल्यांसाठी पेन्सिल हातात देणं हाच अन्याय. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी म्हणून १९९५ मध्ये एमएमएसईची हिंदी आवृत्ती मुद्दाम बेतली गेली, ती याच कारणानं. अशा माणसांच्या बाबतीत मी घड्याळाच्या चित्रापेक्षा सुनेच्या हकिगतीवर जास्त विसंबते.

६. तिथी आणि भाषा

इंदूरच्या मराठी घरांत हा भाग सगळ्यात फसवा आहे.

माझी चूक आधी सांगते. साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या एका आजींची तपासणी मी हिंदीत घेतली, कारण हाताशी तक्ता हिंदीचा होता आणि आजी साठ वर्षं बाजारात हिंदीच बोलत होत्या. वाक्य परत म्हणणं, वस्तूंची नावं, सगळीकडे त्या अडखळल्या. घरच्यांना मी चिंतेत पाडलं. पुढच्या आठवड्यात मराठीतून घेतली, तर बरंचसं सुरळीत. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याची भाषा आणि विचार करण्याची भाषा एकच असेल असं नाही. आधी विचारा, "स्वप्न कुठल्या भाषेत पडतात?" हसतात, पण उत्तर खरं देतात.

उत्तर मिश्र आलं तर मिश्र घ्या. किल्लीला 'चाबी' म्हटलं, तर तो शब्द हरवला असं नाही, आपण इथले सगळेच तसं बोलतो. 'ते... कुलूप उघडायचं... ते' असं आलं, तर लिहून ठेवा.

तारखेचं आणखी अवघड. एका शिबिरात आजींनी सांगितलं, "श्रावण वद्य अष्टमी." समोरच्या हिंदी भाषक मुलानं चूक मांडली, कारण त्याच्या घरच्या पंचांगात त्या दिवशी भाद्रपद कृष्ण अष्टमी होती. दोघंही बरोबर. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात त्यांच्या महिन्याचं नाव आपल्यापुढे असतं. शके आणि विक्रम संवत यांत तर १३५ वर्षांचं अंतर. इंग्रजी तारीख न येणाऱ्या माणसानं तिथी अचूक सांगितली, तर त्याला काळाचं भान आहे. तपासणाऱ्याकडे मात्र त्या दिवशी पंचांग हवं.

जन्मतारखेचंही तेच. शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून किंवा १ जुलै सांगतील, नाहीतर 'नागपंचमीचा जन्म' म्हणतील. आधार कार्डाशी जुळलं नाही म्हणून गुण कापू नका.

७. आकडा आला, आता?

कमी गुण म्हणजे निदान नव्हे. चाळणीतून खाली काय राहिलंय ते बघायचं अजून बाकी आहे, आणि ते बघणं डॉक्टरांचं काम. तोपर्यंत आपण तीन गोष्टी करून ठेवायच्या.

एक, औषधांची पिशवी. यादी नको, पिशवीच मागवा. झोपेसाठी वर्षानुवर्षं चाललेलं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, खाज-सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, ॲमिट्रिप्टिलिन: यांतली कुठलीही गोळी म्हाताऱ्या डोक्याला मंद करू शकते. पण स्वतःहून बंद करायला सांगू नका. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करतील.

दोन, उदासी. १५ प्रश्नांची वृद्धांसाठीची नैराश्य मोजपट्टी आहे, 'हो-नाही' अशी उत्तरं. पाचाच्या वर गुण गेले तर मानसोपचाराचा सल्ला घ्या. "मला काहीच आठवत नाही हो," असं स्वतः रडकुंडीला येऊन सांगणारा माणूस बऱ्याचदा नैराश्यात असतो. स्मृतिभ्रंश झालेला पुष्कळदा म्हणतो, "मला काही झालेलं नाही, ह्यांचंच काहीतरी." हा नियम नव्हे, इशारा आहे, दोन्ही एकत्रही असतात. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याच दिवशी हालचाल करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून द्या.

तीन, रक्ततपासणी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून: हिमोग्राम, बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृत. बी-१२ विशेष, कारण आपली बरीच घरं शाकाहारी आणि वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, तीही बी-१२ खाली आणते. मेंदूचं सीटी किंवा एमआरआय तज्ज्ञ ठरवतील. विसरण्याबरोबर चाल बिघडली असेल, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडत असतील आणि लघवीवरचा ताबा गेला असेल, तर चिठ्ठीत ठळक लिहा. मेंदूतलं पाणी वाढल्याचा तो प्रकार असू शकतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया असते.

पाठवायचं न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे. सरकारी वाट हवी असेल तर महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं एमवाय रुग्णालय आहे. बाह्यरुग्ण विभागात लवकर पोचायला सांगा, आणि सोबत तोच माणूस पाठवा ज्यानं हकिगत सांगितली, मोकळ्या वेळेचा भाचा नको.

८. सांगायचं कसं

'वेड', 'म्हातारचळ' हे शब्द आपल्या तोंडून जाता कामा नयेत, आणि घरच्यांच्या तोंडून आले तर शांतपणे दुरुस्त करा. स्वयंसेवकानं 'स्मृतिभ्रंश झालाय' असंही म्हणायचं नाही. मी असं सांगते: "आजच्या तपासणीत लक्षात ठेवायला थोडी अडचण दिसली. कारणं बरीच असतात, काही बरी होणारी. ती शोधायला डॉक्टरांकडे जाऊया." आणि हे आजींकडे बघून सांगायचं, त्यांच्या डोक्यावरून मुलाकडे बघून नाही.

निदान होईपर्यंत थांबू नयेत अशा गोष्टी त्याच बैठकीत बोला. खिशात किंवा पदराच्या गाठीत नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी. गोळ्या कोणीतरी हातात द्यायच्या. एटीएमचा पिन फोनवर कोणालाही सांगायचा नाही, आणि मोठा व्यवहार एकट्यानं नको. स्कूटरची किल्ली काढून घेण्यावरून घरात महाभारत होतं. तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं अण्णा ऐकतात, मुलाचं नाही. म्हणून ते काम डॉक्टरांवर टाका. दिवसरात्र सांभाळणाऱ्या सुनेला 'तुमची झोप होते का?' एवढं विचारलंत तरी ती मोकळी होते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनीही सांगून ठेवा.

९. नोंद

कागदावर एवढं हवंच: तारीख, वेळ, भाषा, शिक्षणाची वर्षं, चष्मा-कानयंत्र होतं की नाही, कुठली चाचणी आणि शब्दांची कुठली यादी, गुण, हकिगत सांगणाऱ्याचं नातं, आणि त्यांचं एक वाक्य त्यांच्याच शब्दांत. 'स्मरणशक्ती कमी' यापेक्षा 'गौरीच्या दिवशी भाजी दोनदा केली' हे पुढच्या डॉक्टरला जास्त उपयोगी पडतं.

गुण ठीक आले पण घरच्यांची शंका कायम असेल तर सहा महिन्यांनी परत बोलवा. तेव्हा शब्दांची दुसरी यादी घ्या. मागच्या वेळचं केळं काही जणांच्या चांगलं लक्षात राहिलेलं असतं.